शोरूममध्ये मशीनची रांग, पण तुमच्या कामाचं एकही नाही. असं का होतं?

दिवाळी तोंडावर आलीये. घरातलं जुनं वॉशिंग मशीन बंद पडलंय, म्हणून तुम्ही आकुर्डीतल्या एखाद्या शोरूममध्ये जाता. समोर चकाचक फ्रंट लोड मशीनची रांग. सेल्समन वायफाय, स्टीम वॉश, ॲप सगळं दाखवतो. तुमच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न असतो, "आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, हे चालेल ना?" उत्तर येतं, "सर, सगळे हेच नेतायत."

आता दुकानदाराला तुम्हाला फसवायचंय असं नाही. मग तुमच्या कामाचा माल दुकानात का नसतो? आणि तो असावा यासाठी काय करता येईल? समजून घेऊ.

दुकानात काय ठेवायचं, हे ठरवतं कोण?

आपल्याला वाटतं ग्राहक ठरवतो. तसं पूर्ण खरं नाही. कंपनी दुकानदाराला टार्गेट देते. ठरलेले नग उचलले की जास्तीचं मार्जिन मिळतं. बऱ्याच दुकानांत कंपनीचा स्वतःचा माणूसही उभा असतो, तो अर्थातच आपल्याच ब्रँडचं मॉडेल पुढे करतो. सणाआधी स्कीम आली की गोदाम भरतं, आणि भरलेलं गोदाम रिकामं करण्यासाठी तोच माल सगळ्यात पुढे मांडला जातो.

हप्त्यांचंही तसंच. आणि इथे आकुर्डीचा थेट संबंध येतो. १९८७ साली सुरू झालेल्या बजाज ऑटो फायनान्सचं नाव २०१० साली बजाज फायनान्स झालं. टीव्ही-फ्रीज हप्त्यावर देणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांपैकी ही एक, आणि तिचं नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीतच आहे.

पण 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे व्याज गायब होत नाही. ते बऱ्याचदा उत्पादक कंपनी किंवा दुकानदार सोसतो, म्हणून ही ऑफर ठरावीक मॉडेलवरच असते. साहजिकच तीच मॉडेल्स पुढे येतात. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेनेही २०१३ साली बँकांना बजावलं होतं.

समजा, मशीन ३०,००० रुपयांचं आहे. रोख दिले तर १,५०० ची सूट मिळते. हप्त्यावर घेतलं तर सूट नाही, वर ५०० प्रोसेसिंग फी. म्हणजे 'बिनव्याजी' मशीन २,००० रुपयांनी महाग पडलं.

आकुर्डीचं गणित वेगळं का?

कारण पाणी. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. पुढे पवना धरण भरलं तरी दिवसाआडचं वेळापत्रक काही बदललं नाही.

फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला नळातून ठरावीक दाबाने पाणी लागतं. हा दाब कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. तो ०.३ बार असेल, तर टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा साधारण ३ मीटर उंचावर हवं. मोठ्या सोसायटीच्या खालच्या मजल्यांवर ही अडचण नाही. पण वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर छोटी टाकी असलेल्या चाळीत मशीन पाण्याची वाट बघत थांबतं. सेमी ऑटोमॅटिकमध्ये मात्र बादलीने पाणी ओतता येतं आणि साबणाचं पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येतं.

त्यात आकुर्डीत सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक आहे. प्राधिकरणातले बंगले, कॉलेजची पोरं राहतात ते पीजी, एमआयडीसीत शिफ्ट करणारे भाडेकरू. एकाला मोठा फ्रीज हवा, दुसऱ्याला दर ११ महिन्यांनी टेम्पोत टाकून नेता येईल असा छोटा.

मग दुकानदाराने काय करावं?

पहिलं काम म्हणजे एक वही ठेवणं. बिलिंगच्या कॉम्प्युटरला काय विकलं गेलं ते कळतं, पण कोण रिकाम्या हाताने परत गेलं ते कळत नाही. "सेमी ऑटोमॅटिक मोठ्या साइजचं नव्हतं", "सिंगल डोअर फ्रीज फक्त महागातला होता", असं रोज लिहायचं. महिन्याभरात दिसतं की कुठला माल कमी पडतोय.

दुसरं, सारख्याच मॉडेलची गर्दी कमी करणं. एकाच किमतीचे, एकाच साइजचे सात टीव्ही ठेवण्यापेक्षा स्वस्त, मधला आणि महाग असे तीन-चार ठेवावेत. मोकळ्या झालेल्या जागेत प्रेशर पंप, स्टॅबिलायझर, मशीनचा स्टँड ठेवता येतो.

तिसरं, जुना माल वेळेत काढणं. एसीचे स्टार रेटिंगचे निकष १ जुलै २०२२ ला कडक झाले तेव्हा आधीचा ५ स्टार एसी नव्या हिशेबात ४ स्टारवर आला. गोदामात अडकलेल्या मालाची किंमत अशी एका रात्रीत घसरते. तो विकायचाच असेल तर सूट देऊन आणि कारण सांगून विकावा.

आणि तुम्ही काय विचारायचं?

- या मशीनला किमान किती पाण्याचा दाब लागतो? पुस्तिकेत दाखवा.
- स्टार लेबल कुठल्या काळाचं आहे? वर्षाला किती युनिट लागतात?
- रोखीचा भाव किती आणि हप्त्याचा सगळा मिळून किती?
- सर्व्हिस सेंटर शहरात कुठे आहे?

आणि हवी ती वस्तू नसेल तर गुपचूप बाहेर पडू नका. काय हवं होतं ते काउंटरवर सांगून या. त्या वहीत तुमची एक ओळ आली, तर पुढच्या ऑर्डरमध्ये दिवसाआड पाणी येणाऱ्या घराचाही विचार होईल.