मुळांवरच्या गाठी

दिल्लीच्या पश्चिम भागातील ‘पुसा’ हे नाव देशभरच्या शेतकऱ्यांस परिचित आहे. भारतीय कृषी अनुसंधान संस्था ती हीच. नाव मात्र मूळचे दिल्लीचे नव्हे. ते बिहारमधील एका गावाचे आहे. तेथे १९०५ साली ही संस्था स्थापन झाली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने तिची मोठी हानी केली, आणि १९३६ साली ती दिल्लीस आली, ती गावाचे नाव बरोबर घेऊनच. बिहारमधील त्या वास्तव्यात, १९२० साली, एन. व्ही. जोशी यांनी कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातील या विषयाच्या संशोधनाचा आरंभ तेथून मानला जातो.

मूग, ताग किंवा धैंचा यांचे रोप मातीसकट अलगद उपटले, तर मुळांवर मोहरीच्या दाण्याएवढ्या, क्वचित त्याहून मोठ्या, गाठी दिसतात. पुष्कळ काळ वनस्पतिशास्त्रज्ञही त्यांना रोगाची खूण समजत. जर्मनीतील हेल्रीगेल यांनी १८८६ साली दाखवून दिले, की या गाठींच्या द्वारेच ही पिके हवेतील नत्र मिळवितात. पुढे दोनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळा काढला. त्याच्या कुळास आज ‘रायझोबियम’ म्हणतात.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचाच असतो. तरी पिके नत्रावाचून उपाशी राहतात. कारण हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांस तिहेरी बंधाने जखडलेले असतात, आणि ते बंधन तोडणे कोणत्याही वनस्पतीच्या आवाक्यातले नाही. युरियाच्या कारखान्यात त्यासाठी चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि शंभर वातावरणांहून अधिक दाब लागतो. रायझोबियम हेच काम मातीच्या साध्या उष्णतेत करतो. त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. मात्र हे विकर फार नाजूक. प्राणवायूचा स्पर्श होताच ते निकामी होते. उलट जीवाणूला श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. हा पेच वनस्पती सोडविते. गाठीत ती एक लाल द्रव्य तयार करते, ते आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचेच भावंड. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जीवाणूला बेताबेताने पुरविते. म्हणूनच कामास लागलेली गाठ नखाने फोडली, की आतून गुलाबी दिसते. पांढरी असली तर काम सुरूच झालेले नाही, आणि हिरवट असली तर ते संपलेले आहे.

हा सौदा वनस्पतीला स्वस्त पडत नाही. पानांत तयार झालेल्या साखरेचा मोठा वाटा या पाहुण्यांच्या पोटी जातो. त्यामुळे मातीत युरिया भरपूर असला, तर रोप गाठी धरण्यात हात आखडता घेते. वनस्पतीचा हा हिशेब अगदी व्यापारी आहे.

दिल्लीच्या आसपासच्या सोनीपत, पानिपत या पट्ट्यात गहू आणि भात यांचे चक्र अखंड चालते. गहू एप्रिलमध्ये निघतो. भूजल वाचावे म्हणून हरियाणाने २००९ साली केलेल्या कायद्याने १५ जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. मधल्या दोन महिन्यांत, पाण्याची सोय असेल तर, एखादे शिंबावर्गीय पीक बसते. कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कडधान्य पेरले की जमीन आपोआप सुपीक होते, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. मुगाच्या दाण्यात सुमारे २४ टक्के प्रथिने असतात. दहा क्विंटल मूग घरी आला, तर त्याबरोबर सुमारे ३८ किलो नत्र शेताबाहेर गेला. शेंगा तोडून पालाही जनावरांस घातला, तर जमिनीच्या पदरात फारसे काही पडत नाही. पाला गाडला तर काही भाग परत मिळतो. धैंच्याची गोष्ट निराळी. पंचेचाळीस-पन्नास दिवसांचे कोवळे पीक सगळेच्या सगळे चिखलात गाडतात, आणि मिळविलेला नत्र भाताच्या वाट्यास येतो. अर्थात हातात दाणा येत नाही, आणि लहान शेतकऱ्यास तो हवा असतो. म्हणून पुष्कळजण मूग निवडतात, ते समजण्याजोगे आहे.

शिवाय प्रत्येक जीवाणू प्रत्येक पिकाशी जमवून घेत नाही. मूग, उडीद, चवळी यांचे जीवाणू बहुधा एकमेकांच्या घरी चालतात. हरभऱ्याला मात्र स्वतःचाच हवा. ज्या शेतात हरभरा कधी झाला नाही, तेथे बियाण्यास जीवाणूसंवर्धन चोळणे अगत्याचे ठरते. साधारण दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमची पुडी गुळाच्या गार पाण्यात कालवून लावतात, सावलीत सुकवितात आणि लगेच पेरतात. बियाण्यास बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते आधी. पुडीतला माल जिवंत असतो, हे दुकानदारही विसरतात. दिल्लीच्या मे महिन्यात पत्र्याखाली पडून राहिलेली पुडी मुदतीच्या आत असूनही निरुपयोगी झालेली असू शकते, आणि ती नुसती पाहून हे कळत नाही. ते कळते पेरणीनंतर पाचव्या आठवड्यात, चार रोपे खुरप्याने उकरून गाठी फोडल्यावर.