चाकांचे संरेखन, मोटारगाडीच्या

मोटारगाडीची चाके परस्परांशी, जमिनीशी व गाडीच्या मध्यरेषेशी निर्मात्याने ठरविलेल्या कोनांत बसविण्याच्या क्रियेस चाकांचे संरेखन म्हणतात. चालत्या गाडीची चाके सरळ धावावीत म्हणून उभ्या गाडीत ती किंचित तिरपी ठेवावी लागतात.

यात तीन कोन मुख्य आहेत. पुढच्या दोन चाकांच्या पुढील कडांमधील अंतर मागील कडांमधील अंतरापेक्षा थोडे कमी ठेवणे म्हणजे टो-इन. मागील चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत रस्त्याच्या रोधामुळे पुढची चाके फाकू पाहतात. टो-इनमुळे हे फाकणे भरून निघते. समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेशी असणारा कल म्हणजे कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचे वरचे टोक मागे कललेले असते. हा कल म्हणजे कॅस्टर. त्यामुळे वळण संपताच चाके सरळ होऊ पाहतात. वळणावर आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळविणाऱ्या रचनेचे एकस्व रूडोल्फ आकरमान यांनी इंग्लंडमध्ये १८१८ साली घेतले.

चाक गतीच्या दिशेशी अर्धा अंश जरी तिरपे राहिले, तरी १ किमी. प्रवासात ते सु. ८·७ मी. आडवे घासले जाते. टो-इन जास्त झाल्यास टायरची बाहेरची कड व कमी झाल्यास आतली कड लवकर झिजते. दोन्ही बाजूंचे कॅम्बर वा कॅस्टर असमान असल्यास गाडी एका बाजूस ओढते. झिजलेल्या टायरची ओल्या रस्त्यावरील पकड कमी होते, तो फुटण्याचाही धोका वाढतो.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडच्या (ता. माजलगाव) परिसरात आढळणारी काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा जमिनीवरील रस्त्याचा पाया हलून पृष्ठभाग उंचसखल होतो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी पुढची चाके जोडणारा टाय रॉड वाकतो, सांधे सैल होतात व संरेखन बिघडते.

म्हणून संरेखनापूर्वी टायरमधील हवेचा दाब, धारवे व सांधे तपासतात. अखंड पुढचा आस असलेल्या मालमोटारीत सामान्यतः टाय रॉडची लांबी बदलून टो-इन दुरुस्त करतात. सैल सांध्यांवर केलेले संरेखन टिकत नाही. सुकाणूचक्राची थरथर मात्र पुष्कळदा चाकाच्या असंतुलनामुळे होते. ती केवळ संरेखनाने थांबत नाही.