सहज शास्त्र : कामठा वाकतो, मग मोडत का नाही?

शहापूर-मुरबाडकडच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवर ज्याने तीरकामठा हाताळला असेल, त्याला हे नवल खचितच वाटले असेल की, ज्या बाहूने नुसता फेकलेला बाण चार पावलांवर लोळतो, त्याच बाहूचे बळ कामठ्यातून गेले म्हणजे तो सणाणत दूर जातो. स्नायू सावकाश जी शक्ती जमा करतात, ती लाकूड क्षणार्धात खर्ची घालते, एवढेच त्यातले रहस्य.

वाकताना कामठ्याची बाहेरची पाठ ताणली जाते, आतले पोट दाबले जाते, आणि मधला थर जवळजवळ तटस्थ राहतो. म्हणून धामणीसारख्या चिवट लाकडाचा (संस्कृतात या वृक्षाचे नावच ‘धन्वन’) कामठा घडवताना तासायचे ते पोट. पाठीवरचे तंतू टोकापर्यंत अखंड पाहिजेत, कारण दोराचा एक पेड तुटला की जसा बाकीच्यांवर भार येतो, तसा एक तंतू तुटला की शेजारच्यांवर येतो आणि तेथूनच फूट पडते. मुठीच्या वरची वा खालची एक बाजू ताठ राहिली, तर दुसरीवर जादा सारा बसतो; त्याची वसुली पुढे मोडण्यातच होते!

उभी बारीक चीर सरस भरून, दोऱ्याने घट्ट वेढल्यास सावरते; पाठीवरच्या आडव्या चिरेस मात्र इलाज नाही. आणि काम झाल्यावर दोरी उतरवावी ती यासाठी की, फार काळ दाबलेले तंतू पूर्ववत होत नाहीत, आणि कामठा कायमचा बाकदार राहतो.