मेंदूचे रक्षण : वनौषधींचे अर्क काय करतात, काय करू शकत नाहीत

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. पण शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच खर्च करतो. दुकानात माल संपला तर गोदामातून आणता येतो. मेंदूला मात्र गोदामच नाही. रक्तातून येणारी आवक थांबली की काही मिनिटांतच त्याच्या पेशी मरू लागतात. यालाच आपण पक्षाघाताचा झटका म्हणतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

रक्त अडले की पेशींभोवती ग्लुटामेट साचते, पेशींत कॅल्शियम शिरते, विघातक मुक्त कण निर्माण होतात आणि दाह सुरू होतो. ही साखळी मध्येच तोडता आली तर अर्धमेल्या पेशी वाचतील, या आशेने संशोधक वनस्पतींकडे वळले. ब्राह्मीतील बॅकोसाइड आणि मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड या घटकांनी प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये मुक्त कणांचा व दाहाचा जोर कमी केल्याचे दिसले आहे. मात्र अशा अनेक प्रयोगांत अर्क आधी काही दिवस दिला जातो आणि रक्तवाहिनी नंतर बांधली जाते. माणसाला झटका सांगून येत नाही.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येपर्यंतची वाट फार खडतर आहे. पक्षाघातावरील १,०२६ प्रायोगिक उपचारांचा आढावा २००६ मध्ये घेतला गेला. त्यांतील शेकडो उपचार प्राण्यांवर चाचपले गेले होते; पण पेशींना संरक्षण देणारे एकही औषध माणसांत निर्विवाद यशस्वी ठरले नव्हते. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क स्मृतीसाठी जगभर खपतो. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांना हा अर्क किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी अनेक वर्षे देण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष आला : अर्काने स्मृतिभ्रंश टळला नाही.

आशेचा एक किरण मात्र आहे. सेलेरी ही धने आणि ओवा यांच्याच कुळातील वनस्पती. तिच्या बियांत सापडलेला ब्युटिलफ्थॅलाइड हा घटक पुढे कृत्रिमरीत्या तयार करण्यात आला आणि चीनमध्ये औषध म्हणून मान्यता पावला. तेथील ५९ रुग्णालयांतील १,२१६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्यांपैकी ५६.७ टक्के रुग्णांची स्थिती ९० दिवसांनी समाधानकारक होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. पण हे सर्व रुग्ण झटक्यानंतर ६ तासांच्या आत औषध सुरू झालेले होते आणि त्यांची बंद रक्तवाहिनी मोकळी करण्याचे उपचारही झाले होते. वनस्पतीपासून मिळालेला घटक तिथे मदतनीस होता, मुख्य उपचार नव्हे. शिवाय तो मोजून-मापून दिलेला शुद्ध घटक होता. सेलेरीच्या बियांचा काढा नव्हे.

व्यापारी घरांना हा भेद सहज समजावा. जिनसाची ओळख पटल्याशिवाय आपण भाव करीत नाही. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ या नावाने पुष्कळदा गोल पानांची, जमिनीवर पसरणारी मंडूकपर्णीच विकली जाते. बॅकोसाइड असलेली जाड, बारीक पानांची जलब्राह्मी वेगळी. नाव एक, माल दोन! बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि अर्काचे प्रमाण छापलेले नसेल, तर आपण नेमके काय घेत आहोत हेच कळत नाही.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची. घरातील वडीलधाऱ्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन सुरू असेल, तर गिंकोसारख्या अर्काने रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ या समजुतीने अर्काची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

मेंदूचे खरे रक्षण रक्तदाब, मधुमेह व तंबाखू यांवरील नियंत्रणात आहे. लोणचे-पापडातील मीठ आणि दिवसभर गादीवर बसून होणारा व्यापार, यांचाही हिशेब ठेवला पाहिजे. तोंड एका बाजूला वाकले, हात उचलेना किंवा जीभ अडखळू लागली, तर काढा उकळत बसू नये. रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून घ्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्यातील पहिला अर्धा तास तर घरातच, ‘थोडे थांबून पाहू’ म्हणण्यात जातो.