एका पोळीचं गणित

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ‘मिलो’ आठवतो का, एवढंच विचारा. बहुतेकांचं तोंड वाकडं होईल! १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या रेशन दुकानांवर ही लाल ज्वारी मिळायची. चव बेताचीच, तरी लोक रांगा लावून ती आणायचे, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. ही ज्वारी यायची अमेरिकेहून, बोटीने.

त्याआधी कितीतरी वर्षं तिकडून गहू येत होता. अमेरिकेत गहू इतका पिकायचा की कोठारांत मावेना. म्हणून १९५४ साली त्यांनी पीएल-४८० नावाचा कायदा केला आणि शिलकीचं धान्य गरजू देशांना स्वस्तात द्यायला सुरुवात केली. भारताला तर पैसे डॉलरऐवजी रुपयांत द्यायची सवलत! पुढे १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, तेव्हा एका वर्षात सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. बिहारमध्ये त्या धान्याने खरोखर माणसं जगवली. भुकेल्याला ‘जरा थांब, चार महिन्यांनी गहू तयार होईल’ असं कसं सांगणार?

मग अडचण काय होती? अडचण अशी की बोट सोडायची की नाही, हे दुसरा कुणीतरी ठरवत होता. व्हिएतनाममधल्या युद्धावर भारताने केलेली टीका अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना झोंबली होती. भारताने आधी स्वतःची शेती सुधारावी, असाही त्यांचा हट्ट होता (हा हट्ट काही चुकीचा नव्हता म्हणा!). त्यामुळे ते गव्हाला मंजुरी द्यायचे ती थोडी थोडी, हात आखडून. दिल्लीतल्या मंत्र्यांचे डोळे एकदा आभाळाकडे, एकदा समुद्राकडे. शिवाय बाहेरचा स्वस्त गहू बाजारात आला की भाव उतरतात. मग इथल्या शेतकऱ्याने जास्त पिकवायचं तरी कशाला?

त्याच १९६६ साली मेक्सिकोहूनही १८,००० टन गहू आला. पण तो दळायचा नव्हता, पेरायचा होता.

आता कागद-पेन्सिल घ्या. तेव्हा भारताची लोकसंख्या होती साधारण ५० कोटी. हे १८,००० टन सगळ्यांना सारखे वाटले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आले असते? ३६ ग्रॅम. म्हणजे एक पोळी, आणि खेळ खलास! पण एक हेक्टर रानात साधारण १०० किलो बी पेरलं आणि खत-पाणी नीट मिळालं, तर ३ टन गहू सहज निघतो. एकाचे तीस. म्हणजे एका हंगामात १८,००० टनांचे ५ लाख टनांहून जास्त! गंमत पुढेच आहे. गव्हाचं फूल बहुधा स्वतःच्याच परागकणांवर भागवतं, त्यामुळे पोरं आईसारखीच निपजतात. घरचाच गहू राखून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी पेरायचा.

या बियाण्यात असं काय होतं? ते बुटकं होतं! आपला जुना गहू उंच वाढायचा. खत जास्त झालं, ओंब्या भरल्या, की काडीला भार पेलायचा नाही आणि पीक लोळायचं. बुटकेपणाचा गुण आला ‘नोरिन १०’ नावाच्या जपानी गव्हातून. झाडात ‘वाढ, वाढ’ सांगणारं एक संप्रेरक असतं, त्याचं हा गहू फारसं ऐकतच नाही. जपानहून तो अमेरिकेत गेला. तिथून मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडला. त्यांनी त्यापासून नवे वाण तयार केले. ते भारतात आणावेत म्हणून डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी आग्रह धरला, आणि तेव्हाचे शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

नुसतं बी आणून मात्र भागलं नाही. पहिली तक्रार रंगाची: दाणे लाल! आपल्या लोकांना पिवळसर गहू हवा. मग दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दाण्यांवर गॅमा किरण सोडून ‘शरबती सोनोरा’ हा पिवळसर वाण तयार केला. दुसरी अडचण याहून मजेशीर. आपले शेतकरी ओल गाठायला बी खोल पेरायचे. पण या बुटक्याच्या कोंबाचं टोपणही आखूड! टोपण मातीतच संपायचं आणि कोवळं पान आतच चुरगळायचं. म्हणून शेतकऱ्यांना सांगावं लागलं, की बी ५ सेंटिमीटरपेक्षा फार खोल टाकू नका. मेक्सिकोच्या पोत्यावर ही सूचना छापलेली नव्हती. आपल्या शास्त्रज्ञांनी ती इथल्या शेतात शोधली.

१९६८ मध्ये गहू इतका पिकला की पंजाबात गोदामं कमी पडली. काही ठिकाणी शाळा बंद करून वर्गांत पोती रचली. (तुम्हाला चालली असती ना अशी सुट्टी?) पुढे या गव्हाला, आणि त्याहून जास्त भाताला, पाणी पाजता पाजता पंजाबच्या विहिरी खोल खोल गेल्या, ते दुखणं आजही सुरू आहे.

आज आपल्याकडचे बरेचसे वाण त्या बुटक्याच्याच घराण्यातले आहेत. तेव्हा एक करून बघा. शेतकऱ्याकडून किंवा बियाण्याच्या दुकानातून मूठभर गहू आणा. एका कुंडीत १० दाणे ४ सेंटिमीटर खोल लावा, दुसरीत १० दाणे १२ सेंटिमीटर खोल. पाणी सारखंच द्या. दोन आठवड्यांनी कुठले किती वर आले ते मोजा. आणि जे आले नाहीत, ते हलकेच उकरून पाहायला विसरू नका.