देवमाशांच्या ध्वनीची जलांतर्गत नोंद : उपयोग व मर्यादा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात वन्यप्राणिगणना हा विषय नवा नाही. ताडोबातील वाघ पूर्वी पाऊलखुणांवरून मोजले जात. आता छायाचित्रातील पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. समुद्रातील देवमासा मात्र केवळ श्वासापुरता पृष्ठभागावर येतो आणि रात्री वा खवळलेल्या समुद्रात तेवढाही दिसत नाही. त्याचा माग कानानेच काढावा लागतो. या पद्धतीने काय कळते व काय कळत नाही, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. कमी वारंवारतेचा ध्वनी पाण्यात अत्यल्प शोषला जात असल्याने दूरवर पोहोचतो. हायड्रोफोनमधील दाबविद्युत स्फटिक पाण्यातील दाबाच्या बदलांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करतो. संगणकावर काळ व वारंवारता यांचा आलेख काढला, की निरनिराळ्या जातींच्या हाकांची ठेवण डोळ्यांनाच दिसू लागते. दिव्या पणिक्कर व कॅथलीन स्टॅफर्ड यांनी लक्षद्वीपजवळ नोंदलेल्या निळ्या देवमाशाच्या गीताचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गोव्याच्या किनाऱ्यालगत नोंदलेल्या हम्पबॅक देवमाशाच्या गीताचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

हम्पबॅकच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. अरबी समुद्रातील हा समूह ध्रुवाकडे स्थलांतर न करता येथेच राहतो. १९६० च्या दशकात सोव्हिएत शिकारी ताफ्याने यातील २४२ देवमासे मारले. पुढे ओमानलगत शेपटीच्या छायाचित्रांवरून केलेला अंदाज अवघा ८२ निघाला.

असे असता ध्वनिनोंदीवरून संख्या का काढू नये? कारण गीत गातो तो नर, आणि एकच नर तासन् तास गाऊ शकतो. २०१७ मध्ये ओमानजवळ उपग्रह-खूणयंत्र लावलेली ‘लुबान’ ही मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली व परत गेली. तिच्या मार्गावर हायड्रोफोन असता, तरी गीत नोंदले गेले नसते. तेव्हा नोंदीतील शांतता म्हणजे प्राण्याचा अभाव, असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक ठरेल. ध्वनी अस्तित्व व ऋतू सांगतो. शिरगणती सांगत नाही.

आपल्या जंगलात रातवा वा घुबड यांच्यासाठी हीच पद्धत वापरता येईल. मात्र झाडोऱ्यात ध्वनी लवकर क्षीण होतो, त्यामुळे यंत्रे जवळजवळ बसवावी लागतील. आणि समुद्रात जहाजांच्या इंजिनाचा आवाज गाळावा लागतो, तसा येथे रातकिड्यांचा गाळावा लागेल.