म्हैसूरची एक पाहुणी : गौरवलेखनाविषयी काही विचार

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात मराठी माणूस प्रथमच गेला म्हणजे एका पाटीपाशी त्याचा पाय थबकतो. देवराज मार्केटाच्या कडेने जाणाऱ्या हमरस्त्यास सयाजीराव रस्ता असे नाव आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले आणि पुढे बडोद्याचे अधिपती झालेले सयाजीराव गायकवाड ते हेच. जवळच देवराज अरस रस्ता आहे. तो कर्नाटकाचे मुख्यमंत्री असलेल्या अरसांचे नाव सांगतो. सत्ता ज्याने चालविली त्याचे नाव रस्त्यास द्यावे, ही गौरवाची रीत सर्वत्र आहे आणि ती वावगी आहे असे नाही. परंतु याच नगरीत १९२८ च्या डिसेंबरात एक कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री पाहुणी म्हणून आली होती. तिने येथे जे पाहिले त्यावर लेख लिहिला आणि तीन वर्षांच्या आत ती मरण पावली. तिच्या नावाचा रस्ता असावा असे मला सुचवावयाचे नाही. पाहुण्यांच्या वाट्यास रस्ते येत नाहीत. प्रश्न आहे तो शब्दांनी होणाऱ्या गौरवाचा. तो गौरव अशा स्त्रीच्या वाट्यास कोणत्या रूपाने येतो, हे पाहिले पाहिजे; कारण आपल्या वाङ्मयातही तोच प्रश्न उभा आहे.

ज्युलिएट डेरिकॉट यांचा जन्म १ एप्रिल १८९७ रोजी जॉर्जिया राज्यातील अथेन्स या गावी झाला. (त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले वारल्या. या योगायोगात काही अर्थ शोधावा असे मी म्हणत नाही, पण तो ध्यानात राहतो.) गावात मुलींची एक नावाजलेली शाळा होती. तिथे आपणही शिकावे अशी लहानग्या ज्युलिएटची इच्छा होती, आणि आपल्या वर्णामुळे ते कधीच घडणार नाही हे तिला आईकडून कळले. पुढे अलाबामातील टॅलाडेगा कॉलेजातून त्या १९१८ साली पदवीधर झाल्या आणि वाय. डब्ल्यू. सी. ए. या स्त्रीसंस्थेच्या विद्यार्थी विभागात चिटणीस म्हणून रुजू झाल्या. हे काम त्यांनी अकरा वर्षे केले. कॉलेजामागून कॉलेज पालथे घालावयाचे, मुलींच्या सभा घ्यावयाच्या, आणि ज्या देशात गोऱ्या व काळ्या विद्यार्थिनींनी एका मेजाशी बसणे हीच बातमी ठरे तेथे त्यांना एका सभेत बसवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. १९२४ साली इंग्लंडात भरलेल्या जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी संघाच्या बैठकीस अमेरिकन विद्यार्थ्यांच्या वतीने जे दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी गेले त्यांत त्या एक होत्या. १९२७ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये ज्या विद्यापीठात दाखल झाले तेच हे. त्यानंतर त्याच विद्यार्थी संघाची सभा म्हैसुरास भरली आणि डेरिकॉटबाई हिंदुस्थानात आल्या.

त्या येथे सात आठवडे राहिल्या. वाय. डब्ल्यू. सी. ए.ची निवासस्थाने, विद्यार्थ्यांची वसतिगृहे, मिशनच्या शाळा, हिंदी कुटुंबांची घरे, एक मातीची झोपडी आणि एका महाराजांच्या पाहुण्यांची छावणी, इतक्या ठिकाणी त्यांचा मुक्काम पडला. परतताना त्या चीन व जपान पाहून गेल्या. त्यांचा म्हैसूरच्या सभेवरील लेख ‘द क्रायसिस’ या मासिकाच्या ऑगस्ट १९२९ च्या अंकात आला. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या या मासिकाचे संपादक तेव्हा डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस होते. याच द्यू बॉइस यांना आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. तसाच मार्ग अस्पृश्यांसाठी चोखाळता येईल काय, हा विचार त्यांच्या मनात होता. दोन समाजांमधील या पत्रव्यवहाराचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. त्याच्या सतरा वर्षे आधी तीच वाट उलट दिशेने चालून आलेल्या स्त्रीचे नाव मात्र त्या उल्लेखाशेजारी येत नाही.

१९२९ साली त्या नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठात विद्यार्थिनींच्या अधिष्ठात्या झाल्या. १९२५ मध्ये जाचक नियमांविरुद्ध विद्यार्थ्यांनी जेथे संप केला होता ते हे विद्यापीठ. नोव्हेंबर १९३१ मध्ये त्या तीन विद्यार्थ्यांसह मोटारीने अथेन्सकडे आईला भेटावयास निघाल्या होत्या. डाल्टन गावाजवळ अपघात झाला. गावातील रुग्णालय कृष्णवर्णीयांस दाखल करून घेत नव्हते. जुजबी उपचार झाल्यावर जखमींना एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी ठेवण्यात आले आणि नंतर बऱ्याच अंतरावरील चॅटानूगा शहरी हलविण्यात आले. तेथे ७ नोव्हेंबर रोजी डेरिकॉटबाईंचा अंत झाला; त्यांच्या सोबतची एक विद्यार्थिनीही दगावली. देशभर संताप उसळला. वॉल्टर व्हाइट यांनी कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेतर्फे डाल्टनला जाऊन चौकशी केली.

येथून पुढे त्यांच्या स्मृतीचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. डेरिकॉट हे नाव निघाले की रुग्णालयाचा बंद दरवाजा प्रथम आठवतो आणि अकरा वर्षांचे काम त्या दरवाजामागे राहते. हे अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच ते तपासले पाहिजे. मृत्यूची हकीगत एका दमात सांगता येते. तीत अन्याय स्पष्ट असतो आणि वाचकाची करुणा तत्काळ जागी होते. ज्यात शंभर कॉलेजे, हजार पत्रे आणि असंख्य कंटाळवाण्या बैठका असतात असे काम सांगावयास प्रकरणे लागतात. करुणेला वाचन लागत नाही. परिणामी जिने माणसे जमविली, ती केवळ जिच्यावर अन्याय झाला अशी स्त्री होऊन उरते. अन्याय करणाऱ्यानेच तिची ओळख ठरवावी, असा हा विपरीत प्रकार आहे.

बरे, तीच हकीगत नीट वाचली तर तिच्यातही निराळे काही सापडते. चॅटानूगात ज्या वॉल्डन रुग्णालयाने जखमींना जागा दिली ते डॉ. एमा रोशेल व्हीलर या कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टरांनी १९१५ साली उभारलेले होते आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनीच ते चालविले. डाल्टनमध्ये आसरा मिळाला तोही एका कृष्णवर्णीय बाईच्या घरी. म्हणजे हकीगतीत बंद झालेला दरवाजा जसा आहे तसे उघडलेले दोन दरवाजेही आहेत. बंद दरवाजा प्रसिद्ध झाला. उघडे ठेवण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे कष्ट उपसले ते दरवाजे तपशिलात जमा झाले.

या ठिकाणी ‘सेवा’ या आपल्या आवडत्या शब्दाविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. पुरुषाने संस्था उभारली तर आपण नेतृत्व म्हणतो. तेच स्त्रीने केले की तिची सेवा होते आणि सेवेबरोबर त्याग, ममता, सोशिकपणा ही विशेषणे आपोआप येतात. शब्द वाईट नाही. पण तो निर्णय झाकतो. कोणत्या मुलींना सभेस बोलवावयाचे, कोणाचा रोष पत्करावयाचा, पैसा कोठून आणावयाचा, हे सारे निर्णय असतात. ते ममतेने होत नाहीत, बुद्धीने होतात. सावित्रीबाईंविषयी दीर्घकाळ जे लिहिले गेले त्यात ‘जोतीरावांना साथ दिली’ या वाक्यप्रयोगाने काय काय झाकले, हे आता सांगावयास नको.

जोतीरावांचीच एक अर्पणपत्रिका येथे आठवते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांस दास्यातून मुक्त केले त्यांस अर्पण केले. मराठी ग्रंथाची दृष्टी इतक्या दूर पोहोचली, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील थोर घटना आहे. तरी गौरव कोणाचा झाला हे पाहावे. तो मुक्ती देणाऱ्यांचा आहे. हॅरिएट टबमनसारख्या, स्वतः गुलामीतून निसटून पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांस सोडवून आणणाऱ्या स्त्रिया त्या अर्पणपत्रिकेच्या परिघात येत नाहीत. हा जोतीरावांचा दोष नव्हे. त्यांनी स्वतःच्या शाळेतून निराळे बीज अगोदरच पेरले होते. त्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. ती करुणेचा विषय म्हणून नव्हे, तर प्रश्न विचारणारी म्हणून उभी राहते.

हे बीज आपल्या समीक्षेने फार उशिरा पाहिले. दलित साहित्याच्या चर्चेत अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांचे नाव वारंवार येई. परंतु ते लेखक बहुधा राइट, एलिसन, बाल्डविन हे पुरुष. स्त्रियांच्या कर्तृत्वाची नोंद करावयास मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांना घरोघर जाऊन म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घ्याव्या लागल्या, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. त्याचे मोल त्यातील भावनेत नाही, तपशिलात आहे. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९४२ च्या जुलैत नागपुरास भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. अशी नावे, गावे, साले यांतून जो गौरव होतो तो विशेषणांच्या राशीतून होत नाही. शीर्षकातील ‘ही’ या एका अक्षरात थोडा रागही आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

या कसोटीने डेरिकॉटबाईंकडे वळावयाचे तर त्यांचा म्हैसूरवरील लेख वाचावा लागतो. तो निर्दोष आहे असे नाही. विद्यार्थी-चळवळीच्या उत्साहाचा रंग त्यावर दाट आहे, आणि मिशनच्या व राजाच्या पाहुणचारातून दिसलेला हिंदुस्थान हा सगळा हिंदुस्थान नव्हे. परंतु परस्परांशी वैर असलेल्या देशांचे तरुण येथे एकत्र राहिले, बोलले, खेळले, आणि जे येथे झाले ते जगात होऊ शकेल, हा त्यांचा निष्कर्ष भाबडा म्हणून सोडून देता येत नाही. हे लिहिणारी स्त्री ज्या देशात परत जात होती तेथे आगगाडीचा डबादेखील तिला निराळा होता. वैर ठाऊक असलेल्याने बांधलेली ही आशा आहे. आणि आपल्याला जाणावयाचे व प्रेम करावयाचे जे आहे ते आपल्या आजवरच्या सवयीपेक्षा कितीतरी मोठे आहे, अशी कबुली त्या देतात. दुसऱ्यास शिकवावयास निघालेली माणसे सहसा अशी कबुली देत नाहीत.

त्यांच्या सहकाऱ्यांना हे उमगले होते असे दिसते. १९३५-३६ मध्ये हॉवर्ड थर्मन व सू बेली थर्मन हे दांपत्य एका शिष्टमंडळासह हिंदुस्थानात आले. फेब्रुवारी १९३६ मध्ये बार्डोलीस त्यांची गांधीजींशी भेट झाली. सू बेली याही पूर्वी वाय. डब्ल्यू. सी. ए.च्या विद्यार्थी विभागात होत्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी गावोगाव हिंदुस्थानावर व्याख्याने देऊन पैसे उभे केले आणि ज्युलिएट डेरिकॉट यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवली. तिच्या आधाराने कृष्णवर्णीय विद्यार्थिनी समुद्र ओलांडून शांतिनिकेतनात शिकावयास आल्या.